खोगीर, काटे आणि थापा

जॉन फॉस्टर फ्रेझर हा इंग्रज पत्रकार १७ जुलै १८९६ रोजी एडवर्ड लन आणि एफ. एच. लो या दोन मित्रांबरोबर लंडनहून सायकलवर निघाला. ७७४ दिवसांनी, १९,२३७ मैल तुडवून तिघे घरी परतले. वाटेत सतरा देश झाले. चीनमध्ये जमावाने दगड मारले, ताप आले, आठवडेच्या आठवडे मिळेल ते खाऊन काढावे लागले. एवढं सगळं झाल्यावर फ्रेझर पुस्तकाच्या सुरुवातीला काय लिहितो, तर आमच्यातला एखादा मेला असता, निदान प्रत्येकजण एखादा अवयव गमावून आला असता, तर लंडनमध्ये जरा खळबळ तरी उडाली असती. पण आम्ही आपले मुकाट्याने घरी आलो. हा उपद्व्याप केला कशासाठी? आम्हाला थोडी घमेंड आहे, लोकांनी आपल्याबद्दल बोलावं, वर्तमानपत्रात नाव छापून यावं असं वाटतं, म्हणून.

गेली काही वर्षं मी १८८४ ते १९४२ या काळातल्या लांब पल्ल्याच्या सायकलप्रवाशांची पुस्तकं मिळतील तशी जमवून वाचतो आहे. इतिहासाचं साधन म्हणून ही पुस्तकं भलतीच अवघड. वाळवंटात साक्षीदार नसतो. प्रवासी सांगेल तेच खरं, आणि प्रवासी तर पुस्तक खपावं म्हणून लिहीत असतो. मग विश्वास कशावर ठेवायचा? माझ्यापुरती मी एक ओबडधोबड कसोटी ठरवली आहे. छाती पुढे काढून लिहिलेलं वाक्य आलं की थांबायचं आणि दुसरीकडे पडताळून पाहायचं. ढुंगणाबद्दल लिहिलेलं वाक्य आलं की पुष्कळदा ते खरं मानून पुढे जायचं. वाघाची शिकार केली म्हणून खोटं सांगणारे पुष्कळ भेटतात. खोगिराने कातडं सोलवटलं म्हणून खोटं सांगण्यात कुणाचा काय फायदा?

वाघाचं उदाहरण उगीच घेतलेलं नाही. बोस्टनची अ‍ॅनी कोहेन कोपचॉव्हस्की ही तीन मुलांची आई २७ जून १८९४ रोजी जगप्रदक्षिणेला निघाली. लंडनडेरी नावाच्या झऱ्याचं पाणी विकणाऱ्या कंपनीने तिला शंभर डॉलर दिले. त्या बदल्यात कंपनीची पाटी सायकलला लागली आणि आडनावही कंपनीचंच झालं. सुरुवातीची सायकल ४२ पौंडांची आणि अंगात लांब झगा. शिकागोपर्यंत जाता जाता बाईंना अक्कल आली. तिथे झगा जाऊन विजार आली, आणि जड सायकल जाऊन निम्म्या वजनाची पुरुषी सायकल आली. इथवरचं सगळं मला पटतं, कारण यात घाम आहे. पण पुढे जगाचा बराचसा भाग तिने बोटीने ओलांडला, आणि परतल्यावर व्याख्यानांतून सांगितलं की हिंदुस्थानात जर्मन राजघराण्यातल्या मंडळींबरोबर आपण वाघ मारले. आपल्या वाघांच्या नशिबी असल्या कागदी गोळ्याही होत्याच. मला अ‍ॅनीचा राग मात्र येत नाही. एकट्या बाईने त्या काळात पोटासाठी थापा माराव्यात आणि पुरुषांनी शौर्याचं वर्णन म्हणून त्याच माराव्यात, यात फार अंतर नाही. प्रश्न फक्त तिची साक्ष किती धरायची एवढाच.

या सगळ्यांचा मूळपुरुष थॉमस स्टीव्हन्स. इंग्लंडमधल्या बर्कमस्टेडला १८५४ साली जन्मलेला आणि पोट भरायला अमेरिकेत गेलेला हा मजूर-वर्गातला माणूस. २२ एप्रिल १८८४ रोजी सकाळी आठ वाजता त्याने सॅन फ्रान्सिस्को सोडलं, तेव्हा त्याच्याकडची सायकल म्हणजे आपण सर्कशीच्या चित्रात पाहतो तसली, पुढे अजस्र चाक आणि मागे चिमुकलं. पुढच्या चाकाचा व्यास ५० इंच. पायटे थेट त्याच चाकाच्या आसाला जोडलेले. चेन नाही, गिअर नाही. पाय एकदा पूर्ण फिरला की गाडी चार मीटर पुढे. सामान किती, तर मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण दोन्हींचं काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. मला या यादीतले मोजे फार आवडतात. आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास करताना माणूस एकच सदरा जादा घेतो, पण मोजे विसरत नाही. म्हणजे त्याला चालावं लागणार हे ठाऊक होतं.

आणि चालावं लागलंच. ४ ऑगस्टला बोस्टनला पोहोचेपर्यंत अमेरिकेचा एकतृतीयांशाहून जास्त रस्ता त्याने सायकल ढकलत काढला. सिएरा नेवाडा पर्वतात रस्त्यावर बर्फ, म्हणून रेल्वेवर बांधलेल्या लाकडी छपरांखालून मैलोनमैल पायपीट केली. एका उंच पुलावर असताना समोरून आगगाडी आली. पुलाला कठडा नाही, बाजूला उभं राहायला जागा नाही. स्वारी स्लीपरच्या बाहेर आलेल्या टोकाला लोंबकळली आणि एका हाताने सायकल दरीवर अधांतरी धरून ठेवली. हा प्रसंग तसा शौर्याच्या खात्यातला, म्हणजे माझ्या कसोटीप्रमाणे संशयास्पद. पण त्याने सायकल सोडली नाही हा तपशील मला खरा वाटतो. सायकलवर कधी दूर गेलेल्या कोणालाही विचारा. माणूस आधी सायकलीला लागलंय का ते बघतो, स्वतःचा गुडघा नंतर.

त्या उंच सायकलीची खरी गंमत पडण्यात होती. बसणारा जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसलेला. चाकाला दगड आडवा आला की मागचं चाक उचललं जायचं आणि स्वार हँडलवरून कोलांटी खाऊन थेट तोंडावर. हे इतकं नेहमीचं होतं की इंग्रजीत त्या पडण्याला स्वतंत्र शब्द रूढ झाला. जाणकार स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. त्याने पडणं टळत नसे, फक्त डोक्याऐवजी पायावर पडण्याची शक्यता वाढे. सुरक्षिततेची व्याख्या तेव्हा इतकीच माफक होती.

पुढच्या वर्षी, १८८५ च्या मे महिन्यात, तो लिव्हरपूलहून पूर्वेकडे निघाला. हंगेरीत त्याला स्वेतोझार इगाली नावाचा जोडीदार मिळाला. दोघांना एकही सामाईक भाषा येत नव्हती. हातवारे, चेहरे आणि आवाज यांवर दोघे दिवसचे दिवस बरोबर राहिले. लांबच्या प्रवासात जोडीदारांची भांडणं का होतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही व्यवस्था आदर्शच वाटेल.

तुर्कस्तानात शिरल्यावर मात्र शारीरिक हालांची जात बदलते. रस्ता, ऊन, भूक हे सगळं होतंच. पण खरा छळ गर्दीचा. गाव लागलं की दीडदोनशे माणसं भोवती, आणि एकच घोष: बस, आम्हाला बघू दे! दिवसभर डोंगर चढून पाय थरथरताहेत, पोटात काही नाही, आणि खडबडीत अंगणात पुन्हा चालवून दाखवायचं. नाही म्हटलं तर लोक चिडतात. हो म्हटलं तर उशिरा आलेले म्हणतात, आम्ही पाहिलंच नाही. इराणात तर खुद्द नासिरुद्दीन शहाची तीच फर्माईश होती. शहाच्या स्वारीबरोबर त्याला सायकल चालवावी लागली, आणि बक्षीस म्हणून तो हिवाळा तेहरानमध्ये राजाचा पाहुणा होऊन काढता आला. स्टीव्हन्स या गर्दीवर भरपूर हसतो, आणि हे हसू मला पूर्णपणे निर्मळ वाटत नाही. आशियाई माणूस त्याला बऱ्याचदा बावळट दिसतो. पण त्या गर्दीच्या जागी उभं राहून पाहिलं तर? एक गोरा माणूस, डोक्यावर पांढरं लष्करी टोप, माणसाच्या छातीएवढ्या चाकावर चढून येतो, उतरताना धडपडतो आणि भाकरी मागतो. लोक पोट धरून हसले असतील. त्या हसण्याची नोंद कुठेच नाही, कारण पुस्तक एकानेच लिहिलं.

अफगाणिस्तानात अमिराच्या अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं, हेरातला नेलं आणि पहाऱ्यात इराणच्या हद्दीवर परत आणून सोडलं. मग उलटा प्रवास करून, रशियन आगबोट, रेल्वे आणि पुन्हा आगबोट असा वळसा घालून तो हिंदुस्थानात आला आणि लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडला लागला. इथे त्याच्या लिखाणाचा सूरच पालटतो. उकाड्याने जीव नकोसा झाला, पण रस्ता! दोन्ही बाजूंना झाडं, आणि कंकर ठोकून सारवल्यासारखी केलेली जमीन. अमेरिका, तुर्कस्तान, इराण इथे कुठे न मिळालेलं सुख त्याला अमृतसर, दिल्ली, आग्रा, बनारस या वाटेवर मिळालं. कंकर म्हणजे जमिनीतून निघणारे चुनखडीचे खडे. ते पसरायचे, पाणी शिंपायचं आणि मजुरांच्या टोळ्यांनी धुमसाने ठोकत बसायचं. स्टीव्हन्सचं पार्श्वभाग ज्या रस्त्यावर सुखावलं, तो रस्ता दिवसाला काही आण्यांवर राबणाऱ्या बाया-बाप्यांनी बनवला होता. त्यांचे हाल हौसेचे नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर विनोदही झाले नाहीत.

पुढे चीनमध्ये दंगलखोर जमावातून जेमतेम निसटून १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामाला त्याचा प्रवास संपला. सायकलवरचा हिशोब सुमारे १३,५०० मैल.

आता थोडं शरीराविषयी. सायकलवर माणसाचं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: पाय, हात आणि बसण्याची दोन हाडं. पहिल्या दिवशी तक्रार पाय करतात. ती खोटी तक्रार असते, चार दिवसांत मिटते. तिसऱ्या दिवशी बूड बोलू लागतं, आणि ते मिटत नाही, फक्त सवय होते. हातांचं दुखणं सगळ्यात लबाड. तळव्याच्या कडेने जाणारी नस हँडलवर सतत दाबली जाते आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. आम्ही तिघांनी पुण्याहून कन्याकुमारी गाठली तेव्हा नवव्या दिवशी मला सदऱ्याचं बटण लावता येईना. बरोबरच्या मित्राने ते लावून दिलं, त्याला त्याच वेळी बसवत नव्हतं म्हणून तो उभ्यानेच जेवत होता, आणि तिसरा, जो पहिल्याच दिवशी खंबाटकी घाटात आम्हाला सोडून पुढे गेला होता, तो दोघांकडे बघून हसता हसता पोटरीत गोळा येऊन खाली बसला. आमचा रस्ता डांबरी होता, दर दहा किलोमीटरवर चहा होता. स्टीव्हन्सची चाकं भरीव रबराची. रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोहोचत असणार.

हवेचं टायर आलं ते १८८८ साली, बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या खटपटीतून. हाडांना आराम मिळाला, पण जगात एक नवीन दुःख जन्माला आलं. स्टीव्हन्सच्या सगळ्या प्रवासात जे एकदाही शक्य नव्हतं ते, म्हणजे पंक्चर. फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा नवरा विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपं १८९७ च्या अखेरीस आपल्याकडे आलं आणि दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत हिंडलं. लंका, ब्रह्मदेश, जावा धरून त्यांच्या फिरण्याचा आकडा १४,००० मैल. वेरूळ-अजिंठाही त्यांनी सायकलवरून पाहिलं. एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढल्याची त्यांची नोंद आहे. दख्खनच्या बाभळी ज्यांच्या माहितीच्या आहेत त्यांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. चाळीस वेळा टायर उकलायचा, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, घासायचं, चिकटवायचं, पंप मारायचा. आणि प्यायला पाणी नाही तिथे ट्यूब बुडवायला कुठून आणायचं?

हे दोघे मला विलक्षण वाटतात आणि अजिबात आवडत नाहीत. ती मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची मुलगी, तो निवृत्त डॉक्टर. जड सामान घेऊन नोकर रेल्वेने पुढे जायचा. उंदीर सुळसुळणाऱ्या खोल्यांत, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये ते झोपले, मिळेल ते खाल्लं, डासांनी फोडून काढलं. म्हणजे हाल खरेच. पण पुस्तकभर तक्रार आहे ती इथल्या माणसांची, नोकरांची, हमालांची. एवढे पंक्चर काढूनही त्यांना स्वतःचं हसू आलेलं दिसत नाही. माझी कसोटी इथे अडते हे खरं. वर्कमन खोटं बोलत नाहीत. त्यांना फक्त आपण हास्यास्पद दिसत असू ही शक्यता सुचत नाही.

आणि मग मुंबई. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबमध्ये वजनं उचलणाऱ्या पारशी तरुणांनी ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचं भाषण ऐकलं. तो युरोपातून पायी हिंदुस्थानात आला होता. तीनेक वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया असे सहाजण सायकलींवर निघाले. जग जवळून पाहायचं आणि जगाला हिंदुस्थानी माणूस दाखवायचा, असा त्यांचा हेतू होता. फ्रेझरच्या घमेंडीच्या विनोदाशेजारी हे वाक्य ठेवून पाहावं. फ्रेझरला आपण कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. इंग्रज असणं त्याच्या आधी गावात पोहोचलेलं असे. या सहांना प्रत्येक सीमेवर आधी आपण कोण ते सांगायचं होतं. अशा माणसाला आपली फजिती सांगण्याची चैन जरा महागात पडते.

पंजाब, बलुचिस्तान, इराण करत ते बगदादला आले. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचं वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडलं, आणि हा त्यांचा विक्रम म्हणून सांगितला जातो. मी या आकड्यापाशी पुष्कळ वेळ थांबलो. दिवसाला ४२ किलोमीटरही पडत नाहीत. तरणाबांड वेटलिफ्टर चांगल्या रस्त्यावर एवढं अंतर न्याहारीच्या आत काटतो. म्हणजे २३ दिवसांतला बराच काळ ते सायकलवर नव्हतेच. सायकल त्यांच्यावर होती. ५७ अंशांच्या वर उकळणाऱ्या हवेत, पाय रुतणाऱ्या वाळूत, तहानेने जीभ टाळूला चिकटलेली असताना खांद्यावर किंवा हाताला लोखंड. विक्रमाचा आकडा लहान असावा आणि त्यातूनच हाल कळावेत असं क्वचित घडतं. आणखी एक हिशोब मी सहज करून पाहिला. फ्रेझरचे सगळे मैल सगळ्या दिवसांत वाटले तर दिवसाला साधारण ४० किलोमीटर येतात. मुंबईकरांचे ७१,००० किलोमीटर त्यांच्या चार वर्षं पाच महिन्यांत वाटले तर ४४. देश वेगळे, पिढी वेगळी, सायकली वेगळ्या. ताप, परवाने, पंक्चर, बोटीची वाट बघणं हे सगळं धरून माणसाचं शरीर वर्षानुवर्षं इतकंच पुढे सरकतं. हे आकडे फुशारकीला फारशी जागा ठेवत नाहीत.

आल्प्सचा ६,६०० फुटांचा चढ, अमेरिकेतले पाच महिने आणि ८,४०० किलोमीटर, मग जपान, कोरिया, चीन, हिंदी चीन, सयाम, ब्रह्मदेश. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले ते तिघे: हकीम, बापासोला आणि भूमगरा. हाथीराम यांनी अमेरिकेतच घर केलं. दोघांनी वैयक्तिक कारणांनी वाट सोडली होती. तिघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक १९३१ साली आलं, त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. पुढे २००८ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. अलीकडे गोव्यातल्या अनुप बबानी आणि सविया व्हिएगस यांनी या सगळ्या पारशी सायकलवीरांचे धागे नेटाने शोधून एकत्र आणले, म्हणून निदान नावं तरी आपल्यासमोर आहेत.

मला मात्र ते पुस्तक वाचताना परतलेल्या तिघांइतकेच न परतलेले तिघे दिसत राहतात. अर्ध्या वाटेवरून माघारी आलेल्या माणसाचं पुस्तक निघत नाही. सायकलवरच्या हालांचा जो इतिहास आपल्याकडे आहे तो ज्यांचे गुडघे टिकले, ज्यांचा आमांश बरा झाला, ज्यांच्या घरून तार आली नाही, त्यांचा आहे. विनोदही त्यांनाच सुचला. कातडं भरून आल्यावर खोगिराची थट्टा करता येते. ज्याला पाचव्या महिन्यात घरचा रस्ता धरावा लागला त्याला त्याच खोगिराबद्दल काय वाटलं असेल, ते कागदावर आलेलं नाही.

त्या सहांच्या मागोमाग, जानेवारी १९२४ मध्ये, फ्रामरोज दावर हा क्रीडा-पत्रकार मुंबईहून एकटाच निघाला होता. व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्टाव्यानिक हा ऑस्ट्रियन जोडीदार भेटला, आणि पुढची सात वर्षं दोघांनी सहारा आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलांतून सायकली ओढल्या. मग १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघाले. ८४,००० किलोमीटर आणि पाच खंड पालथे घालून ते परत आले तेव्हा १९४२ साल उजाडलं होतं, मलाया जपान्यांच्या हातात पडला होता, आणि जगाला टायर-ट्यूबसाठी रबर पुरवणारी सगळ्यात मोठी पेठ बंद झाली होती.